जहाज गाठायचं की डोंगर? हवाईच्या क्रूझवर त्सुनामीचा इशारा आला तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणारं एक कुटुंब हवाई बेटांची सात रात्रींची क्रूझ करणार आहे. सोबत पुण्याहून आलेले सत्तरीचे आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. जहाज हिलोला, म्हणजे ‘हवाई’ नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटावरच्या बंदरात, थांबेल त्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन तिथला किलाउएआ ज्वालामुखी बघायचा बेत आहे. जुलै २०२५ मध्ये त्सुनामीच्या इशाऱ्यानंतर जहाज निघून गेलं आणि काही प्रवासी किनाऱ्यावरच राहिले, ते व्हिडिओ पाहिल्यापासून आई धास्तावल्या आहेत. आपल्यावर तशी वेळ आली तर जहाजाकडे धावायचं का? आणि त्यापेक्षा क्रूझ कंपनीचीच सहल घेतलेली बरी का?

आधी थेट उत्तर. इशारा येईल तेव्हा तुम्ही किलाउएआवर असाल, तर तिथेच थांबा. नॅशनल पार्कचं प्रवेशद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. त्या बेटावर त्सुनामीपासून त्याहून सुरक्षित जागा शोधायची गरज नाही. तिथून ४५-५० किलोमीटर उतरून हिलोच्या धक्क्याकडे येणं म्हणजे सुरक्षित जागा सोडून बेटावरच्या सगळ्यांत वाईट जागी जाणं. हुकलेलं जहाज दोन दिवसांत परत गाठता येतं, खर्च फार तर काही शे डॉलर.

आता जहाज का निघून जातं ते समजून घ्या, म्हणजे आईंची भीतीही थोडी कमी होईल. खोल समुद्रात त्सुनामीची उंची बहुतेक वेळा मीटरभराच्या आतच असते आणि दोन लाटांमधलं अंतर शेकडो किलोमीटर. जहाज इतक्या हळू वरखाली होतं की आतल्या माणसाला कळतही नाही. बंदरात याच्या उलट. पाणी काही मिनिटांत चढतं, तितक्याच वेगानं ओसरतं, धक्क्याला बांधलेले दोर तुटतात, जहाज धक्क्यावर आपटतं किंवा पाणी गेल्यावर तळाला टेकतं. आपल्याला उंची हवी, तशी जहाजाला खोली. हवाईत जहाजांनी किमान ५० फॅदम, म्हणजे साधारण ९० मीटर खोलीच्या पलीकडे जावं असा संकेत आहे. बेटांचा उतार तीव्र असल्यानं ही खोली किनाऱ्यापासून फार लांब नसते. पण तिथे पोचण्याआधी इंजिनं तयार करायची, बंदरातून वाट दाखवणारा पायलट घ्यायचा, जहाज ओढणारे टग लावायचे, दोर सोडायचे आणि बंदरातल्या बाकीच्या जहाजांबरोबर रांगेत बाहेर पडायचं, या सगळ्याला वेळ लागतो.

शिवाय निर्णय एकट्या कप्तानाचा नसतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा बंदर-अधिकारी बंदर रिकामं करण्याचा आदेश देतो. त्यानंतर धक्क्यावर चाळीस माणसं हात हलवत उभी असली तरी जहाज थांबत नाही. आत दोन-तीन हजार माणसं असतात.

ही खबरदारी आजची नाही. १ एप्रिल १९४६ रोजी अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपानं उठलेली त्सुनामी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय हिलोवर आली. ब्रिगम व्हिक्टरी हे मालवाहू जहाज तेव्हा धक्क्याला होतं. ते लाटांमधूनच कसंबसं बाहेर समुद्रात निसटलं. हवाईत त्या दिवशी १५९ माणसं गेली, त्यांतली बहुतेक हिलोत. प्रशांत महासागरासाठीचं इशारा केंद्र त्यानंतर १९४९ मध्ये उभं राहिलं. आज तुमच्या फोनवर जो इशारा येतो तो होनोलुलूच्या याच केंद्रातून सुरू होतो.

२९ जुलै २०२५ चं वेळापत्रक नीट बघण्यासारखं आहे, कारण तुमचे सगळे निर्णय अशाच चौकटीत घ्यावे लागतील. हवाईच्या वेळेनुसार दुपारी १:२४ ला रशियाच्या कामचाटकाजवळ भूकंप झाला. सुरुवातीचा अंदाज ८.० तीव्रतेचा होता. पुढे तो वाढत ८.८ वर गेला. त्यामुळे हवाईसाठी आधी ‘वॉच’ (तयार राहा) निघालं आणि पावणेतीनच्या सुमारास त्याचं ‘वॉर्निंग’ (किनारा सोडा) झालं. पहिली लाट संध्याकाळी सव्वासातच्या आसपास अपेक्षित होती. चार-पाच किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ७०० ते ८०० किलोमीटरनं धावते. कामचाटका ते हवाई अंतर सुमारे ५,००० किलोमीटर, म्हणून जवळपास सहा तास मिळाले. पुढे सर्वांत मोठी नोंद माउई बेटावरच्या कहुलुई बंदरात झाली, सुमारे पावणेदोन मीटर. रात्री साडेदहानंतर वॉर्निंगची ‘ॲडव्हायझरी’ (पाण्यापासून दूर राहा) झाली.

कागदावर सहा तास भरपूर वाटतात, पण प्रत्यक्षात ते असे संपतात. पहिला सव्वा तास वॉचमध्ये गेला, तेव्हा बहुतेक पर्यटक फोटो काढत होते. वॉर्निंगनंतर सायरन वाजले आणि सगळं बेट एकदम रस्त्यावर आलं. कामावरून घरी निघालेले, मुलांना आणायला चाललेले, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून वर निघालेले, सगळे एकाच वेळी. होनोलुलूत त्या दुपारी वाहतुकीची भयंकर कोंडी झाली. एरवी पाऊण तासाचा किलाउएआ-हिलो रस्ता अशा दिवशी दुप्पट धरा. इकडे जहाज लाटेच्या ऐन वेळी सुटत नाही. ते कित्येक तास आधी निघतं. म्हणजे तुमच्या हातात सहा तास नसतात. वॉर्निंग कळल्यापासून फार तर दीड-दोन तास असतात, आणि तेही जहाजानं थांबायचं ठरवलं तर.

म्हणून माझा ठोकताळा असा. इशारा कळला त्या क्षणापासून तासाभरात सगळ्यांचे पाय गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर, पडणार असतील, पहिल्या लाटेला किमान तीन तास असतील आणि जहाजाच्या किंवा बंदर एजंटच्या (बंदरातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या) माणसानं फोनवर ‘या’ असं स्वतः सांगितलं असेल, तरच बंदराकडे निघा. तिन्हींतली एकही अट हलली तर वर जा. ‘बहुतेक थांबले असतील’ हे उत्तर धरायचं नाही. लाटेची वेळ जवळ आली की पोलीस सखल भागातले रस्ते बंद करतात. मग धक्का समोर दिसत असूनही पोचता येत नाही आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असते. धक्क्यावर अडकणं यात सगळ्यांत वाईट.

या ठोकताळ्याला एक अपवाद आहे. जमीन जोरात हलली, किंवा वीस सेकंदांहून जास्त वेळ हलत राहिली, समुद्र अचानक मागे हटला, किंवा समुद्राकडून मोठी गर्जना ऐकू आली, तर घड्याळ बघायचं नाही, फोनची वाट बघायची नाही, जहाजाचा विचारही करायचा नाही. तो भूकंप जवळचा असतो आणि हातात मिनिटं असतात. नोव्हेंबर १९७५ मध्ये हवाई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या भूकंपानंतर लाट काही मिनिटांतच आली आणि हलापे इथे तळ ठोकलेल्यांपैकी दोघांचा जीव गेला. अशा वेळी चालतच वर निघा. आई-बाबांना गाडीत बसवून कोंडीत अडकण्यापेक्षा शंभर पायऱ्या चढवणं बरं.

इशाऱ्यांच्या पातळ्या चार आहेत. ‘वॉर्निंग’ म्हणजे किनारी भाग सोडा. ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे पाण्यात उतरू नका, किनाऱ्यापासून दूर राहा, प्रवाह धोकादायक आहेत. ‘वॉच’ म्हणजे दूर काहीतरी घडलंय, अंदाज चालू आहे, तयार राहा. ‘इन्फर्मेशन स्टेटमेंट’ ही निव्वळ माहिती. पर्यटकांची खरी चूक वॉचमध्ये होते. इतक्या मोठ्या भूकंपात तीव्रतेचा पहिला आकडा बहुतेकदा कमी निघतो आणि नंतर वाढतो, म्हणून वॉच आलं की तोच निघायचा क्षण समजा. हिलो गावात असाल आणि वरच्या तिन्ही अटी जमत असतील तर वॉच लागताच जहाजावर परत जा. किलाउएआवर असाल तर खाली उतरायचा बेत रद्द करा. हे दोन निर्णय वॉचमध्ये घेतलेत तर वॉर्निंग आल्यावर करायला फारसं काही उरत नाही.

सायरनबद्दल एक बारीक गोष्ट. हवाईत महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सकाळी ११:४५ ला सायरनची चाचणी असते. तुमचा दिवस नेमका तोच असेल तर घाबरू नका. इतर कुठल्याही वेळी एकाच पट्टीतला लांब सूर ऐकू आला तर फोन आणि रेडिओ बघा. फोनमधले आपत्कालीन अलर्ट सुरू ठेवा. भारतातून आणलेल्या हँडसेटमध्ये ते कधीकधी बंद असतात, आई-बाबांचे फोन आधीच तपासा. जहाजाच्या ॲपवर विसंबू नका, ते बहुतेक जहाजाच्या वायफायवरच धड चालतं.

आता बंदरानुसार. सगळी बंदरं सारखी नाहीत, आणि कंपनीचा माहितीपत्रकी नकाशा हे सांगत नाही.

हिलोचा उपसागर नरसाळ्यासारखा आहे, लाट आत येताना चढत जाते. १९४६ आणि १९६० दोन्ही वेळा मार बसला तो याच गावाला. क्रूझचा धक्का, बॅन्यन ड्राइव्हवरची हॉटेलं आणि विमानतळ सगळे सखल पट्ट्यात, एकमेकांच्या जवळ. त्यामुळे ‘गाडी विमानतळावर परत देऊन टॅक्सीनं जहाजाकडे’ हा बेत इशाऱ्यानंतर मोडीत काढा. गाडी परत द्यायची चिंता नको. तेव्हा काउंटरवर कुणी असण्याची शक्यता कमीच, आणि तीच गाडी रात्री तुमचं घर होणार आहे. म्हणून सकाळीच टाकी भरून घ्या.

हिलोत अडकण्याची एक चांगली बाजू मात्र आहे, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. नेहमीच्या मार्गावर हिलोनंतरचं बंदर कोना असतं आणि ते त्याच बेटावर आहे. सॅडल रोडनं, म्हणजे डॅनियल इनोउये महामार्गानं, बेट मधून ओलांडता येतं. हा रस्ता सुमारे २,००० मीटरपर्यंत चढतो, पूर्ण धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे आणि सामान्य दिवशी दोन तासांच्या आत पलीकडे पोचवतो. वर मोबाइलला रेंज तुटक मिळते, रात्री धुकं आणि चांगलीच थंडी असते. पलीकडे उतरताना थेट किनाऱ्यावर जाऊ नका. वायमेआ साधारण ८०० मीटरवर आहे, तिथे थांबा आणि काउंटीचा (तिथल्या स्थानिक प्रशासनाचा) ‘धोका संपला’ असा संदेश आल्यावरच खाली या. फक्त जहाज कोनाला येणारच हे गृहीत धरू नका. तिथे मोठा धक्का नाही, जहाज नांगरतं आणि टेंडर बोटींनी माणसं ने-आण करतात. त्सुनामीनंतर प्रवाह कित्येक तास वेडेवाकडे राहतात आणि टेंडर चालवणं शक्य नसतं. अशा वेळी कोना वगळून जहाज पुढच्या बेटाकडे जातं, आणि तुम्हाला कोनाच्या विमानतळावरून आंतरबेट विमानानं त्याच्या मागे जावं लागतं. आधी कंपनीकडून पुढचं बंदर कळवून घ्या, मग तिकीट काढा. उलटा क्रम केला की पैसे जातात.

टेंडरच्या दिवशी आणखी एक. इशारा आला की टेंडर फेऱ्या कधीही थांबू शकतात, त्यामुळे कोनात माझा ठोकताळा अधिक कडक करा. शेवटच्या टेंडरच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे अगदी पाण्याच्या काठावर उभं राहायचं. रांग लांब दिसली तर डोंगरउतारावरच्या होलुआलोआ गावाच्या दिशेनं चढा, रस्ता लगेच उंची घेतो.

कहुलुईत बंदर आणि विमानतळ दोन्ही सखल. कुलाकडे, म्हणजे हलेआकला पर्वताच्या उताराकडे निघा. काउआई बेटावरचं नाविलीविली बंदर त्यातल्या त्यात सोपं, कारण लिहुए गाव वरच्या पठारावर आहे आणि धक्क्यापासून जवळ.

वर जायला रस्ताच उरला नाही तर इमारतीचा पर्याय आहे. हवाईतली शिफारस अशी की दहा किंवा जास्त मजल्यांच्या पक्क्या काँक्रीट इमारतीत चौथ्या मजल्यावर किंवा त्याहून वर जावं. लिफ्ट नको. चौथ्या मजल्यापर्यंत बाबांना जिना चढवायला पंधरा मिनिटं लागतील असं धरून वेळेत निघा.

आता एक जीवघेणी चूक. पहिली लाट छोटी आली, पाणी ओसरलं, लोक खाली परतले, आणि मग मोठी आली. २३ मे १९६० च्या पहाटे हिलोत हेच झालं. चिलीतल्या भूकंपाचा इशारा आदल्या संध्याकाळीच मिळाला होता, सायरनही वाजले होते. पण सुरुवातीच्या लाटा किरकोळ निघाल्या आणि बरेच जण परतले किंवा हललेच नाहीत. एक वाजून गेल्यावर भिंतीसारखी लाट आली आणि ६१ जण गेले. लाटा एकामागून एक, वीस मिनिटं ते तासभराच्या अंतरानं येत राहतात आणि हे कित्येक तास चालतं. त्यामुळे ‘सव्वासात वाजून गेले, काही झालं नाही, चला’ असं कुणी म्हणालं तर गाडीची किल्ली खिशात ठेवा.

किनाऱ्यावर जाताना बरोबर काय असावं, यात भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एकच गोष्ट इतरांहून वेगळी आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. आई-बाबांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवू नका, बरोबर घ्या. जहाज मागे राहिलं तर आंतरबेट विमानात बसायला त्यांना पासपोर्ट लागेल. आधार कार्ड किंवा भारतीय वाहन परवाना अमेरिकेतल्या विमानतळावरच्या तपासणीत चालत नाही. एरवी प्रवासी परतला नाही तर जहाजाचे कर्मचारी तिजोरी उघडून पासपोर्ट बंदर एजंटकडे ठेवून जातात, पण बंदर रिकामं करायच्या धावपळीत तेवढा वेळ मिळेलच असं नाही. पावसासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. हिलोत तो पडतोच.

बाकी सामान नेहमीचंच. रक्तदाब-मधुमेहाची तीन दिवसांची औषधं, इन्सुलिन असेल तर थंड पाउचमध्ये. माणशी लिटरभर पाणी, भरलेला पॉवर बँक, शंभरेक डॉलर सुटे. किलाउएआवर संध्याकाळी चांगलाच गारठा असतो, म्हणून प्रत्येकाचं एक गरम जाकीट, मुंबई-पुण्याच्या सवयीनं पातळ शालीवर भागवू नका. चिवडा किंवा चकल्यांचा डबा जवळ ठेवा, कारण निवारा म्हणून उघडलेल्या शाळा किंवा मैदानांत जेवण आणि अंथरूण मिळेलच असं नसतं. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदर एजंटचा क्रमांक छापलेला असतो, सकाळी उतरतानाच त्याचा फोटो काढा. दोन फोनवर.

कुटुंब दोन ठिकाणी विभागलं गेलं तर? समजा बाबा थकले म्हणून जहाजावरच राहिले. ते ठीक आहेत, तुमच्याहूनही सुरक्षित आहेत. जहाज कदाचित रात्रभर समुद्रात घिरट्या घालेल आणि दुसऱ्या दिवशीही बंदरात येणार नाही, कारण बंदर उघडण्याआधी तळाला साचलेला गाळ, वाहून आलेलं सामान आणि सरकलेले बोये तपासावे लागतात. त्यांची औषधं मात्र तुमच्या पिशवीत असली तर पंचाईत. प्रत्येकाची औषधं ज्याच्या त्याच्याजवळ. आणि पुण्यातलं किंवा अमेरिकेतलं एकच माणूस निरोप्या ठरवा. बेटावरचं नेटवर्क तुंबलं तरी मेसेज कधीतरी पोचतोच, मग सगळ्यांनी त्यालाच ‘कुठे, किती जण, ठीक’ एवढं कळवायचं.

कंपनीची सहल की स्वतःची गाडी? सामान्य दिवशी कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, हा तिचा मुख्य फायदा. बंदर रिकामं करायचा आदेश आला की तो फायदा संपतो, बस असो वा भाड्याची गाडी. तरी दोन गोष्टी उरतात. बसच्या चालकाकडे जहाजाचा थेट निरोप येतो, आणि मागे राहिलात तर पुढच्या बंदरापर्यंत न्यायची व्यवस्था आणि खर्च सहसा कंपनी उचलते. स्वतंत्र फिरणाऱ्याला दोन्ही स्वतः करावं लागतं. उलट बसमध्ये कुठे थांबायचं हे तुमच्या हातात नसतं. सत्तरीच्या माणसांबरोबर आणि लहान मुलीबरोबर मी हिलोला कंपनीची सहल घेईन. कोना आणि नाविलीविलीला गाडी. तिथे चढ जवळ आहे.

पैशांचं बघू. तिकिटाच्या करारात मार्ग बदलण्याचा, बंदर वगळण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, त्यामुळे वगळलेल्या बंदराची भरपाई मागण्यात दम नाही. त्या बंदराचं शुल्क आणि रद्द झालेल्या कंपनी-सहलीचे पैसे सहसा परत मिळतात, बहुतेकदा जहाजावरच्या खात्यात जमा होऊन. प्रवास विमा घेताना ‘सहल खंडित होणं’ आणि ‘निवास-प्रवासाचा जादा खर्च’ ही दोन कलमं वाचा. काही पॉलिसींत नैसर्गिक आपत्ती प्रत्यक्ष घडली तरच पैसे मिळतात, नुसत्या इशाऱ्यामुळे झालेला खर्च धरत नाहीत. सरकारी आदेशानं स्थलांतर करावं लागल्याचा उल्लेख कलमात असेल तर बरं. इशारा जाहीर झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या घटनेसाठी उपयोगाची नाही.

आईंना हेही सांगा की मुंबई-गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझवर हा नेमका प्रसंग येण्याची शक्यता फारच कमी. तिकडे त्रास चक्रीवादळांचा, आणि ती दोन-चार दिवस आधी दिसतात. बंदरावर बावटा चढतो आणि जहाज त्या बंदरात जातच नाही. माणसं उतरलेलीच नसतात, मग मागे राहण्याचा प्रश्न येत नाही. त्सुनामी अरबी समुद्रातही येऊ शकते, १९४५ च्या मकरान (पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यावरच्या) भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. आपल्या किनाऱ्यासाठीचे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्रातून निघतात.

परत आल्यावर विमा दाव्यासाठी तीन कागद लागतील, ते तिथल्या तिथे मिळवा. जहाजाच्या गेस्ट सर्व्हिसेसकडून ‘अमुक दिवशी आपत्कालीन आदेशामुळे जहाज वेळेआधी सुटलं’ असं पत्र, फोनवर आलेल्या इशाऱ्याचा वेळेसह स्क्रीनशॉट आणि हॉटेल-विमान-टॅक्सीच्या मूळ पावत्या. पत्र जहाज सोडायच्या आदल्या दिवशीच मागा. शेवटच्या सकाळी त्या काउंटरवर बॅगा, बिलं आणि रांगा यांपलीकडे कुणाला काही सुचत नाही.